संशयाचे पोटकलम आणि न्यायाची कसोटी



कायदा म्हणजे न्यायाची लिखित कसोटी, असे आपण समजतो. परंतु कायदा लिहिणारी माणसे समाजातूनच आलेली असतात आणि त्या समाजाचे समज-गैरसमज त्यांच्या लेखणीत नकळत उतरतात. बैठकीत, बाजारात, स्वयंपाकघरात जे सहज बोलले जाते, तेच पुढे कलम होऊन न्यायालयात उभे राहते. स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. ज्याच्या घरी चोरी झाली, त्याला आपण असे विचारत नाही की, यापूर्वी तू कोणाकोणाला पैसे दिले होतेस? अत्याचार झालेल्या स्त्रीला मात्र तिच्या मागील आयुष्याचा हिशेब विचारला गेला, आणि तो विचारण्याची मुभा खुद्द कायद्यानेच दिली होती.

या लेखात अशाच एका पोटकलमाची हकिगत आपणापुढे ठेवायची आहे. हे पोटकलम भारतात १३० वर्षे टिकले. ज्या देशाने आपला पुरावा-कायदा इस्लामच्या नावाने नव्याने लिहिला, तेथे ते त्याहूनही अधिक काळ टिकले. म्हणून हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. स्त्रीविषयीचा हा संशय आपल्याला दीनने शिकवला आहे की आपण तो इतरांकडून उचलून दीनच्या नावावर खपवला आहे, हे प्रत्येक मुस्लिम कुटुंबाने स्वतःला विचारले पाहिजे.

एका संशयाचा प्रवास

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सर मॅथ्यू हेल नावाचे मुख्य न्यायाधीश होते. बलात्काराचा आरोप करणे सोपे, तो सिद्ध करणे कठीण आणि आरोपी निर्दोष असला तरी त्याला स्वतःचा बचाव करणे त्याहून कठीण, असे मत त्यांनी लिहून ठेवले. १६७६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १७३६ मध्ये त्यांचा ग्रंथ छापला गेला. त्यानंतर पिढ्यान्पिढ्या इंग्लंड-अमेरिकेतील न्यायाधीश पंचमंडळाला याच अर्थाचा इशारा देत आले. याच हेल यांच्या न्यायालयात १६६२ मध्ये दोन स्त्रियांना चेटकीण ठरवून मृत्युदंड देण्यात आला होता. ज्या काळाला चेटूक सिद्ध करणे सोपे वाटत होते, त्याच काळाला अत्याचारित स्त्रीचा शब्द मानणे कठीण वाटत होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हा इशारा सक्तीने देण्याची प्रथा मोडली. इंग्लंडमध्ये स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवर विसंबू नका, असे पंचांना बजावण्याची सक्ती १९९४ मध्ये संपली.

हाच संशय इंग्रजी राज्याबरोबर आपल्या देशात आला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १५५ मध्ये चौथे पोटकलम होते. पुरुषावर बलात्काराचा खटला चालू असताना फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडून काढता येईल, असा त्याचा आशय होता. याच कायद्याच्या कलम ५४ नुसार आरोपीचे वाईट चारित्र्य, त्याने स्वतःहून आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिल्याखेरीज, गैरलागू मानले जात होते. एकाच कायद्यात आरोपी पुरुषाच्या चारित्र्यावर पडदा होता आणि फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य चव्हाट्यावर होते.

या पोटकलमाच्या मुळाशी दोन गैरसमज होते. एक, जी स्त्री एकदा चुकली ती प्रत्येकाला संमतीच देते. दुसरा, जिचे चारित्र्य शुद्ध नाही ती सत्य बोलूच शकत नाही. हे दोन्ही कोणी कधी सिद्ध केले नव्हते. ते सर्वांना ‘ठाऊक’ होते, एवढेच.

देसाईगंजचा धडा

या समजुतींचे फळ महाराष्ट्राच्या भूमीवरही दिसले. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अनाथ, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली. ती १४ ते १६ वर्षांची होती आणि आरोपी त्याच ठाण्यातील दोन पोलीस होते. कायद्याच्या इतिहासात हे प्रकरण तिच्याच नावाने ओळखले जाते. आपण येथे ते नाव घेणार नाही, कारण एखाद्या मजलूम स्त्रीची झाकलेली अब्रू झाकलेलीच ठेवणे हे आपल्या दीनचे शिक्षण आहे.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना निर्दोष ठरवले. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, ती खोटारडी आहे, असे शेरे त्या निकालात होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भयाने मुकाट राहणे आणि राजीखुशीने संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सांगून त्याने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिने प्रतिकार केल्याची हकिगत खोटी, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती, असा तर्क मांडला गेला.

वाचकहो, आपली मायबोली या बाबतीत त्या निकालापेक्षा शहाणी आहे. भयाने बोबडी वळते, हातपाय गळतात, माणूस गर्भगळीत होतो, असे आपण रोज म्हणतो. वाघ समोर आला की धट्टाकट्टा पुरुषही जागच्या जागी थिजतो, हे आपण मान्य करतो. रात्रीच्या वेळी ठाण्यात, गणवेशातील माणसापुढे उभ्या असलेल्या कोवळ्या मुलीकडून मात्र आपण झुंजीची आणि जखमांची अपेक्षा करतो.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून या तर्काला आव्हान दिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. आदल्याच वर्षी हैदराबादेत एका मुस्लिम स्त्रीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला होता आणि तिचा पती मारहाणीत मरण पावला होता. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या आयोगाने पोलिसांना दोषी ठरवले, परंतु पुढे खटल्यात ते सुटले. देसाईगंजच्या आदिवासी मुलीची आणि हैदराबादच्या मुस्लिम स्त्रीची जात, धर्म, भाषा वेगळी होती. दोघींकडे पाहणारी संशयाची नजर मात्र एकच होती.

अखेर १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, ही तरतूद आली. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. तरीही चारित्र्याचे ते पोटकलम जागेवरच राहिले! ते निघाले २००२ च्या दुरुस्ती कायद्याने. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला आणि २०१३ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीने संमती दिली, असे मानता येणार नाही. वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली स्त्रीच्या ‘सवयी’ ठरवणारी अपमानास्पद चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अयोग्य ठरवली होती. ती पुढेही चालूच राहिल्याने २०२२ मध्ये, अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे त्याच न्यायालयाला बजावावे लागले. कायद्याच्या पुस्तकातून निघालेला संशय माणसांच्या मनातून किती सावकाश निघतो, हे यावरून कळते.

दिव्य कुरआनची कसोटी

आता आपण आपल्या घराकडे वळू. सूरह अन-नूरच्या चौथ्या आयतीत अल्लाहने आदेश दिला आहे की, जे शीलवान स्त्रियांवर आळ घेतात आणि चार साक्षीदार आणत नाहीत, त्यांना ऐंशी फटके मारावेत आणि त्यांची साक्ष पुन्हा कधी स्वीकारू नये. या आदेशाचा रोख कोणाकडे आहे, ते लक्षात घ्या. चार साक्षीदारांची अट स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यावर आहे. १८७२ च्या पोटकलमात स्त्रीच्या चारित्र्यावर बोलणाऱ्याला मोकळे रान होते आणि बोलल्याने स्त्रीची साक्ष बाद होत होती. कुरआनमध्ये पुराव्याविना बोलणाऱ्याची साक्ष बाद होते. दोन्हींची दिशा अगदी उलट आहे.

याच सूरहच्या ३३ व्या आयतीत ज्या दासींना अनीतीसाठी भाग पाडले जाई, त्यांच्याविषयी अल्लाह सांगतो की, त्यांच्यावरील जबरदस्तीनंतर तो क्षमाशील व दयावान आहे. जिच्यावर जबरदस्ती झाली, ती गुन्हेगार नाही. यावर उम्मतच्या धर्मशास्त्रज्ञांचे (फुकहा) एकमत आहे.

प्रेषितांच्या (स.) काळातील एक प्रसंग हजरत वाइल बिन हुज्र (रजि.) यांच्या कथनातून तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत आला आहे. एक स्त्री नमाजसाठी घरून निघाली असता वाटेत एका पुरुषाने तिच्यावर अत्याचार केला. तिने आरडाओरडा केला, लोक धावले आणि त्यांनी चुकून दुसऱ्याच माणसाला पकडून आणले. पुढे खरा गुन्हेगार स्वतःच उभा राहिला आणि त्याने कबुली दिली. प्रेषितांनी (स.) त्या स्त्रीला, अल्लाहने तुला माफ केले आहे, असे सांगून सन्मानाने पाठवले आणि चुकून पकडलेल्या माणसाचेही चांगल्या शब्दांत सांत्वन केले. या कथनात कोठेही त्या स्त्रीला, तू एकटी का निघालीस, तुझे पूर्वीचे वागणे कसे होते, असे विचारलेले नाही. तिच्याकडे चार साक्षीदारही मागितलेले नाहीत.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक घटना इमाम बैहकी (रह.) यांनी नोंदवली आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या एका स्त्रीने मेंढपाळाकडे पाणी मागितले. तिने स्वतःला त्याच्या स्वाधीन केल्याशिवाय पाणी देण्यास त्याने नकार दिला. प्रकरण खलिफांपुढे आले, तेव्हा हजरत अली (रजि.) यांनी ती लाचार होती असे मत दिले आणि तिला सोडून देण्यात आले. विचार करा, त्या स्त्रीच्या अंगावर जखमा नव्हत्या. तिने झुंज दिली नव्हती. तरीही लाचारीला संमती म्हटले गेले नाही. देसाईगंजच्या निकालाच्या तेराशे वर्षे आधी हा भेद ओळखला गेला होता.

दीनच्या नावाने झालेली चूक

असे असताना इस्लामच्या नावाने केलेल्या कायद्यातही तोच संशय शिरला, हे कटू सत्य आपण झाकू नये. पाकिस्तानात १९७९ मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी हुदूद अध्यादेश लागू केले. त्यांत व्यभिचार आणि बलात्कार हे एकाच अध्यादेशाखाली आणले गेले आणि बलात्काराच्या हद्द-शिक्षेसाठी आरोपीची कबुली किंवा चार पुरुष साक्षीदार आवश्यक ठरले. परिणामी, अत्याचार सिद्ध झाला नाही तर तक्रार करणारी स्त्रीच व्यभिचाराची आरोपी होण्याचा धोका निर्माण झाला. १९८३ च्या सुमारास साहिवाल येथील एका अंध मोलकरीण मुलीच्या बाबतीत असेच घडले. पुराव्याअभावी दोन्ही आरोपी पुरुष सुटले. तिचे गरोदरपण मात्र तिच्याविरुद्ध पुरावा ठरले आणि तिला तीन वर्षे कैद, पंधरा फटके व दंड अशी शिक्षा झाली. पुढे फेडरल शरीअत न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली, पण तोवर त्या मुलीने काय सोसले असेल, हे अल्लाहच जाणे.

केवळ गरोदरपण हा हद्दचा पुरावा ठरू शकतो काय, याविषयी फिकहमध्ये मतभेद आहेत. मालिकी मताने तो ग्राह्य धरला. हनफी आणि शाफिई मताने तो पुरेसा मानला नाही. त्या देशात बहुसंख्य लोक हनफी असूनही त्या मुलीच्या वाट्याला पहिला निकाल असा आला! याचे कारण फिकह नव्हते. हात आधीच्या समजुतीने धरला होता आणि पुस्तकाचे पान नंतर शोधले गेले.

याहूनही बोलका पुरावा दुसरा आहे. १९८४ मध्ये तेथे इंग्रजी पुरावा कायद्याच्या जागी ‘कानून-ए-शहादत’ हा नवा कायदा आला. नाव अरबी झाले, हेतू इस्लामी सांगितला गेला. परंतु स्त्रीच्या ‘अनैतिक चारित्र्या’चे ते १८७२ चे पोटकलम जसेच्या तसे कलम १५१ मध्ये येऊन बसले! सूरह अन-नूर पाठ असलेल्यांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. २००६ मध्ये तेथे बलात्काराचा गुन्हा हुदूद अध्यादेशातून काढून दंडसंहितेत नेण्यात आला. चारित्र्याचे पोटकलम २०१६ मध्ये गेले. बांगलादेशातून ते २०२२ मध्ये हटले. गैरसमज जेव्हा जुना होतो, तेव्हा त्याला परंपरेचा वास येऊ लागतो आणि मग माणसे त्यालाच धर्म समजतात.

‘पण खोट्या तक्रारीही होतात’

येथे काही वाचक म्हणतील की, खोट्या तक्रारी होत नाहीत काय? खुद्द हजरत यूसुफ (अ.) यांच्यावर खोटा आळ आला होता. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर त्याच सूरहमध्ये आहे.

तो प्रसंग नीट वाचा. आरोप करणारी स्त्री प्रतिष्ठित घराण्यातील होती आणि आरोपी तिच्या घरातील गुलाम होता. प्रतिष्ठा पाहून निकाल दिला असता, तर यूसुफ (अ.) तेथेच दोषी ठरले असते. परंतु तिच्याच कुटुंबातील एकाने सुचवले की, सदरा पाहा. तो पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. वस्तुस्थितीचा पुरावा पाहिला गेला आणि सत्य उघड झाले. दोघांच्या पूर्वायुष्याची चौकशी झाली नाही. या कथेतून, स्त्रीचा शब्द खोटाच असतो, असा धडा जो घेतो, त्याने कथा अर्धीच वाचली. आरोप कोणीही करो, पुरावा तपासा, हा तिचा धडा आहे. इब्न कय्यिम (रह.) यांनीही, ज्यामुळे सत्य स्पष्ट होते तो पुरावा, असे मत मांडून परिस्थितिजन्य पुराव्याचे महत्त्व दाखवले आहे.

म्हणून इस्लामी न्याय ना आरोपीला तपासाविना दोषी म्हणतो, ना तक्रार करणारीला तपासाविना खोटी म्हणतो. वाइल बिन हुज्र (रजि.) यांच्या कथनात निर्दोष माणूसही सुटला आणि स्त्रीचा सन्मानही राहिला. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, हाच एक गैरसमज आहे.

आपल्या घरातील न्यायालय

कायदा बदलला, आता आपले काय काम उरले, असे मानू नका. अत्याचाराचा पहिला जबाब पोलीस ठाण्यात नोंदवला जात नाही. तो आईपुढे, आजीपुढे, मोठ्या बहिणीपुढे दिला जातो. पहिला निकालही तेथेच लागतो.

मुलगी थरथरत काही सांगू लागते आणि आपण विचारतो, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ ती एखाद्या नातेवाइकाचे नाव घेते आणि आपण म्हणतो, ‘गप्प बस, बहिणींची लग्ने व्हायची आहेत.’ धोका अनोळखी माणसाकडून, अंधाऱ्या रस्त्यावर असतो, असे आपण लेकींना शिकवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल मात्र सांगतात की, दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. आपण शिकवलेल्या गैरसमजामुळे मुलीला घरातल्या माणसाविरुद्ध बोलण्यासाठी शब्दच उरत नाहीत. पुढे कित्येक महिन्यांनी तक्रार झालीच, तर वकील विचारतो, ‘इतका उशीर का केलास?’ तो उशीर तिने केलेला नसतो, आपण केलेला असतो; आणि भरपाई मात्र ती करते. कोठे कोठे तर अत्याचार करणाऱ्याशीच निकाह लावून ‘अब्रू वाचवली’ असे म्हटले जाते. ज्या निकाहला अल्लाहने प्रेम व दयेचे नाते म्हटले आहे, तो निकाह अशा वेळी गुन्हेगाराची सुटका आणि मुलीची आयुष्यभराची कैद होतो.

सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत आदेश आहे की, न्यायावर ठाम राहा आणि अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा नातेवाइकांविरुद्ध का जात असेना. घराण्याची अब्रू हे या आदेशातून सूट मिळवण्याचे कारण नाही. सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीनुसार साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी आहे.

मदीनेत हजरत आयेशा (रजि.) यांच्याविषयी मुनाफिकांनी कुजबूज पसरवली होती. तेव्हाचा एक प्रसंग सीरतच्या ग्रंथांत आहे. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांना पत्नीने विचारले की, लोक काय म्हणतात ते ऐकले का? त्यांनी ते खोटे असल्याचे सांगितले आणि उलट विचारले, उम्मे अय्यूब, तू असे केले असतेस काय? त्या ‘नाही’ म्हणाल्या, तेव्हा ते म्हणाले की, आयेशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत. पती-पत्नीत झालेले हे चार शब्द होते. पण त्या घरात अफवेला जागा मिळाली नाही. सूरह अन-नूरच्या बाराव्या आयतीत अल्लाहने सर्व श्रद्धावंत स्त्री-पुरुषांकडून हीच अपेक्षा व्यक्त केली की, ऐकताक्षणी त्यांनी चांगलाच विचार करायला हवा होता.

वाचकहो, आज रात्री जेवताना आपल्या घरात एखाद्या मुलीविषयीची बातमी निघेल, तेव्हा आपण काय बोलतो, याकडे लक्ष द्या. आपली मुले ऐकत असतात. त्यांतील एखादा उद्या पोलीस होईल, कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी जमातीचा जबाबदार होईल. कायद्यातून काढलेले ते पोटकलम त्यांच्या मनात पुन्हा लिहायचे की नाही, हे आपल्या त्या एका वाक्यावर ठरणार आहे. आपली मुलगी आपल्याकडे काही सांगायला आली, तर तिला आधी जवळ घ्या, तिचे पूर्ण ऐका, आणि मग न डगमगता तिच्या बाजूने उभे राहा, समोर कोणीही असो.

अल्लाह आपणा सर्वांना वाईट संशयापासून दूर ठेवो, मजलूमच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य देवो आणि आपल्या घरांना न्यायाची व दयेची घरे बनवो. आमीन.